बाईकला स्मार्ट डिस्प्ले बसवायचा का? पाकीट उघडायच्या आधी एवढं बघून घ्या

सध्या कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या टपरीसमोर चार बाईक लागल्या की त्यातल्या एकीच्या हँडलवर टीव्हीएवढा स्क्रीन असतोयच, आणि बाकीचे तिघं त्याच्याभोवती गोळा होऊन "भावा, केवढ्याला बसला?" विचारत असतात. बसवून तू त्याचं करतोस काय, हे मात्र कोण विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे, नवीन गाडी घेतलेल्या किंवा जुन्या गाडीला काहीतरी स्मार्ट लावायचं डोक्यात घेतलेल्या लोकांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. रोजचं रनिंग राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि रविवारी फारतर जोतिबा-पन्हाळा, अशा माणसाला वेगळा स्क्रीन लागत नाही. हेल्मेटमध्ये नेव्हिगेशनचा आवाज आणि हँडलवर एक धड मोबाईल माउंट, एवढ्यात काम होतंय. स्क्रीनचा खरा उपयोग वारंवार अनोळखी रस्त्यावर, लांब, आणि पावसापाण्यात गाडी काढणाऱ्याला होतो, आणि त्यातही त्याच्या गाडीचं वायरिंग-बॅटरी ते झेपवणारं असेल तरच. तुम्ही यातले कोण हे ठरवण्यासाठी खालच्या पायऱ्या, आणि त्या याच क्रमाने करा, कारण पहिल्या तीन जवळपास फुकट आहेत आणि निम्मे लोक तिथंच थांबतील.

पायरी १: कुठल्या डिस्प्लेबद्दल बोलतोय ते ठरवा

दुकानदार सगळ्यालाच स्मार्ट डिस्प्ले म्हणतो पण प्रकार वेगवेगळे आहेत. पहिला म्हणजे कंपनीचाच ब्लूटूथवाला मीटर, ज्यात बाण आणि पुढचं वळण किती मीटरवर एवढंच दिसतं, नकाशा दिसत नाही. टीव्हीएसने २०१८ मध्ये एनटॉर्क १२५ ला असला मीटर दिला तेव्हा लोक स्कूटर बघायला थांबायचे, आता तो बऱ्याच गाड्यांना असतोय. रॉयल एनफिल्डचा २०२० मध्ये मिटिऑरबरोबर आलेला छोटा गोल ट्रिपर पण याच जातीचा. दुसरा प्रकार पूर्ण रंगीत टीएफटी, म्हणजे मोबाईलसारखा स्क्रीन, केटीएमच्या ३९० ड्यूकला २०१७ मध्ये आला, आणि २०२३ च्या शेवटी आलेल्या हिमालयन ४५० मध्ये तर ४ इंची गोल स्क्रीनवर फोनमधला गुगलचा अख्खा नकाशाच दिसतो. तिसरा म्हणजे बाहेरून आणून लावायचा ५-६ इंची स्क्रीन, ज्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा अ‍ॅपल कारप्ले, म्हणजे फोनमधला नकाशा-गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणायची सोय, चालतं. आणि चौथा, आहे तो मीटर काढून त्या जागी दुसराच डिजिटल मीटर ठोकायचा. चौथ्याबद्दल पुढं बोलतो, तिथं मला जरा राग आहे.

यातल्या कुठल्याच स्क्रीनला स्वतःचं फार डोकं नसतं, हे नवीन माणसाने पहिलं समजून घ्यावं. नकाशा, नेट, आवाज हे सगळं काम तुमचा फोन करतो आणि स्क्रीन ते फक्त दाखवतो. फोन जुना, गरम होणारा, बॅटरी दुपारी दोनला संपणारा असेल तर वर कितीही भारी स्क्रीन लावा, तो पण दुपारी दोनलाच संपणार. वायरलेस अँड्रॉइड ऑटोला साधारणपणे अँड्रॉइड ११ च्या पुढचा आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय असलेला फोन लागतो, हे आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा. बऱ्याच जणांची गोष्ट इथंच संपते आणि मग आधी फोन घ्यायचा की स्क्रीन असा नवीनच वाद घरात सुरू होतो.

पायरी २: आहे त्या मीटरमधून सगळं काढून घ्या

गाडी २०२० नंतरची असेल तर तिच्या मीटरमध्ये ब्लूटूथ असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ते तुम्ही डिलिव्हरीच्या दिवशी एकदा जोडून नंतर विसरला असण्याची त्याहून जास्त. कंपनीचं अ‍ॅप परत टाका, अपडेट करा, पेअर करा. नेव्हिगेशन मधेच तुटतंय, मीटर डिस्कनेक्ट होतोय अशी तक्रार असेल तर मीटरला शिव्या द्यायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं बॅटरी सेव्हिंग बंद करा, लोकेशनची परवानगी कायमची द्या. फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारी अ‍ॅप मारून टाकतात, आणि अ‍ॅप मेलं की मीटरवरचा बाण गेला. एवढ्या एका सेटिंगने कित्येकांचा खराब मीटर चांगला होतो.

सर्व्हिसिंगला गाडी जाईल तेव्हा मीटरच्या सॉफ्टवेअरला काही अपडेट आलंय का एवढं तोंडाने विचारा, स्वतःहून कोण सांगत नाही. फक्त लांबच्या ट्रिपच्या आदल्या दिवशी कुठलंच अपडेट करू नका, ना गाडीचं ना फोनचं.

पायरी ३: डोळ्याच्या आधी कान

ही पायरी लोक सोडतात. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. स्क्रीनवर नजर टाकून, वळण समजून घेऊन परत रस्त्याकडं बघायला दोन सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर तुम्ही न बघता गेलात. आता हे नोव्हेंबर ते मार्चमधल्या कागल नाहीतर गगनबावडा रोडवर रात्री करून बघायचा विचार करा, जिथं पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना चाललेला असतो. मला तरी तिथं नकाशा बघायचा नाही.

म्हणून आधी हेल्मेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या, हजार-दोन हजारापासून मिळतो, आवाज एवढाच ठेवा की मागचा हॉर्न ऐकू येईल, आणि काही आठवडे फक्त आवाजावर गाडी चालवून बघा. फोन खिशात. कानात कोंबायचे इअरफोन नकोत, त्यात आजूबाजूचं काही ऐकू येत नाही आणि पोलिसही अडवतात. यात तुमचं भागलं तर विषय मिटला, उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या. शहरातल्या गल्ल्यांत, गोव्यातल्या तीन-तीन फाटे फुटणाऱ्या रस्त्यांवर किंवा मोठ्या शहराच्या फ्लायओव्हरवर आवाज कमी पडतो आणि प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेऊन फोन काढावा लागतो, असं वारंवार झालं तरच पुढं वाचा.

मधला मार्ग म्हणून मोबाईल माउंट आहेच. पण सिंगल सिलिंडर गाडीच्या हँडलवर थेट महागडा फोन लावताना जपून. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोटरसायकलच्या जोरदार व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं. रबरी डॅम्पर असलेलं माउंट घ्या, नाहीतर घरातला जुना फोन त्या कामाला लावा. एप्रिल-मेच्या उन्हात माउंटवरचा फोन तापून स्क्रीन आपोआप मंद करतो आणि शेवटी थंड होऊ द्या म्हणून बंदच पडतो. माउंटवरचा फोन सोडून वेगळा स्क्रीन घ्यायचं माझ्या मते हेच एकमेव सज्जड कारण आहे, बाकी सगळी हौस. हौसेलाही हरकत नाही म्हणा, फक्त तिला गरज म्हणू नका.

पायरी ४: गाडीला झेपतंय का

इथं वेळ घालवा. एक साधा मल्टिमीटर लागतो, नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडं जा.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ दिसत असेल तर निम्मी उतरलेली. मग गाडी चालू करून थोडी रेस द्या, साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आकडा यायला पाहिजे. तेराच्या खालीच रेंगाळत असेल तर चार्जिंगमध्ये आधीच गडबड आहे आणि त्यावर अजून एक खाणारं तोंड बसवायचं नाही, आधी ते दुरुस्त करा.

स्क्रीन चालू असताना फार खातो असं नाही. १० वॅटचा धरला तर १२ व्होल्टला एक अँपियरच्या आतच. ज्यांनी आधीच फॉग लाईट, मोठा हॉर्न, यूएसबी चार्जर सगळं लटकवलंय त्यांनी बेरीज करावी, बाकीच्यांना चालू गाडीत अडचण येत नाही. अडचण येते बंद गाडीत. काही स्क्रीन आणि त्यांच्याबरोबरचे डॅशकॅम (रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे) चावी काढली तरी थोडा करंट ओढतच राहतात. समजा २० मिलिअँपियर ओढतोय, दिसायला काहीच नाही, पण चोवीस तासांत जवळपास अर्धा अँपियर-अवर गेला. क्लासिक किंवा मिटिऑर ३५० ला ८ अँपियर-अवरची बॅटरी असते, म्हणजे गाडी दहा दिवस उभी राहिली की निम्म्याहून जास्त खाली. गणपतीत सुट्टीला गावाकडं गेलात, परत येऊन बटण दाबलं की नुसतं टिक टिक. आजकालच्या बऱ्याच गाड्यांना किक पण नाही.

हे मोजायचं कसं तर स्क्रीन बसवल्यावर चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि ती वायर व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्या मधे मल्टिमीटर अँपियरवर लावायचा, सुरुवात मोठ्या म्हणजे १० अँपियरच्या सॉकेटने करायची आणि मग खाली यायचं. काही मिनिटं थांबून आकडा बघा, दोन-चार मिलिअँपियर असेल तर निवांत. आणि मल्टिमीटर मधे लावलेला असताना चुकूनही स्टार्टर दाबू नका, त्याचा फ्यूज उडतो.

पायरी ५: आता स्क्रीन निवडा, पण कोल्हापूरच्या हवेसाठी

जाहिरातीत रॅम, मेमरी असलं काहीबाही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्याला तीनच गोष्टी बघायच्या, ऊन, पाणी आणि हात.

ऊन. ब्राइटनेस निट्समध्ये सांगतात, हजाराच्या आसपास असेल तर दुपारी दिसतं, चार-पाचशेवाला दुकानात झगमगतो आणि बाहेर आला की काळा आरसा होतो. सकाळी सातला गगनबावड्याकडं निघालात तर तुम्ही पश्चिमेला जाताय, सूर्य पाठीमागून थेट स्क्रीनवर पडतो, त्या वेळी दिसतंय का हा खरा प्रश्न. म्हणून दुकानाच्या बाहेर उन्हात स्क्रीन नेऊन बघायला मागा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. गॉगल पोलराइज्ड असेल तर तो घालूनच बघा, काही स्क्रीन अशा गॉगलमधून ठराविक कोनात पूर्ण काळे दिसतात आणि ही गोष्ट पैसे दिल्यावर कळते.

पाणी. आपला पाऊस म्हणजे जूनमध्ये सुरू झाला की राधानगरी, गगनबावडा, आंबोली बाजूला दिवसदिवस थांबत नाही. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. पण हे स्थिर पाण्याचं झालं, वॉशिंग सेंटरवाल्याच्या प्रेशर गनचं नाही. तो पोरगा गन जवळ धरून मीटरवर मारतो तेव्हा आयपी ६७ चा स्क्रीनही आतून धुक्यासारखा होऊ शकतो. धुवायला देताना स्क्रीन काढा किंवा वर प्लास्टिक बांधा. आणि स्क्रीन वॉटरप्रूफ असला तरी त्याच्या मागचं कनेक्टर, यूएसबीचं तोंड, डॅशकॅमच्या पिना हे वॉटरप्रूफ आहेत का ते वेगळं विचारा, गंज तिथूनच चढतो.

हात. ओला ग्लोव्ह आणि टचस्क्रीन यांचं जमत नाही, पावसाचे थेंब स्क्रीनला बोटं वाटतात आणि नकाशा आपोआप कुठंतरी सरकतो. हँडलवर छोटा बटणांचा रिमोट लावता येतो का हे बघा, जोरदार पावसात गाडी चालवणाऱ्यासाठी मी तर ते नसेल तर घेऊच नका म्हणेन.

बाकी टायर प्रेशरचे सेन्सर बरोबर येत असतील तर चांगलंच, ही स्क्रीनवर दिसणारी सगळ्यात कामाची माहिती आहे. हळूहळू हवा जाणारं मागचं चाक तुम्हाला घाटात शिरायच्या आधी कळतं. व्हिडिओ चालतो, गेम चालतो असलं कोण सांगत असेल तर हसून पुढं जा.

किमतीचं ढोबळ सांगायचं तर चायना स्क्रीन दहा हजाराच्या आत-बाहेर मिळतात आणि नावाजलेले त्याच्या दुप्पट-तिप्पट. मधल्या किमतीचा घेताना एकच विचारा, बिघडला तर कोण बघणार आणि कुठं पाठवायचा. उत्तर गोलगोल आलं की समजायचं.

नवीन गाडीच घेणार असाल तर हिशोब वेगळा. रॉयल एनफिल्डच्या गुरिल्ला ४५० सारख्या गाडीत बेस व्हेरियंटला साधा मीटर आणि वरच्यांना गोल टीएफटी असतो, तिथं स्क्रीनसाठी वरचं व्हेरियंट घेणं बाहेरून बसवण्यापेक्षा मला शहाणपणाचं वाटतं, कारण वायरिंग कंपनीचं, वॉरंटी कंपनीची, आणि बिघडला तर भांडायला एकच काउंटर.

पायरी ६: मूळ मीटर काढायचा नाही

आता तो चौथा प्रकार. युनिव्हर्सल डिजिटल मीटर म्हणून दोन-अडीच हजारात मिळतो, किंवा कोणीतरी स्क्रॅपमधून वरच्या मॉडेलचा मीटर आणून तुमच्या गाडीला "बसतोय की" म्हणून सांगतो. बसतोयही कधीकधी. पण २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत मीटर म्हणजे नुसता काटा नव्हे, इंजिनाचा बिघाड सांगणारा दिवा तिथं, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालंय त्याचा दिवा तिथं. बाहेरच्या मीटरमध्ये हे दिवे जोडलेलेच नसतात, म्हणजे एबीएस बंद पडलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि ते कळायची जागा पावसातला आंबा घाट नव्हे. शिवाय किलोमीटरचा आकडा बदलतो. गाडी विकायला काढली की घेणारा पहिला प्रश्न मीटर बदललाय का हाच विचारतो आणि खरं उत्तर दिलं तरी किंमत पाडतो. मूळ मीटर खरंच मेला असेल तर कंपनीचाच घ्या, आणि जुन्याचं रीडिंग जॉबकार्डवर लिहून घ्या.

पायरी ७: कागदाची कामं

हे पटकन उरकतो. मूळ वायर कापून जोड दिला तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयतं कारण मिळतं, म्हणून वायर न कापता प्लगमध्ये प्लग जाणारं कपलर मिळतंय का बघा. इन्शुरन्सवाल्याला महागडी इलेक्ट्रिकल ऍक्सेसरी बसवल्याचं कळवा, नाहीतर चोरी किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर क्लेमच्या वेळी तोच प्रश्न येतो. कायद्याचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत फोनसारखं उपकरण फक्त रस्ता बघायला, आणि चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने वापरायला मुभा आहे. हातात फोन धरून चालवलं तर मात्र धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ लागू शकतं, पहिल्या वेळी दंड १,००० ते ५,००० रुपये.

पायरी ८: फिटिंग

आपल्या गावाचा फायदा इथं आहे. माउंट हँडलला नीट बसत नसेल तर ऑनलाइन पंधरा पट्ट्या मागवत बसू नका, उद्यमनगरात जा. अख्ख्या इंजिनाचे पार्ट करणाऱ्या लोकांना तुमचा ब्रॅकेट म्हणजे चहा पिईपर्यंतचं काम, फक्त पुठ्ठ्याचा नमुना कापून आणि हँडलचा व्यास मोजून घेऊन जा. स्क्रीन मूळ मीटरच्या वर किंवा बाजूला असावा, इंडिकेटर आणि एबीएसचा दिवा झाकला जाता कामा नये, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवल्यावर टाकीला घासायला नको.

वायरिंगवाल्याला चार गोष्टी तोंडावर सांगा, त्याला राग आला तरी चालेल. सप्लाय रिलेतून, म्हणजे चावीवर चालणाऱ्या स्विचमधून घे, म्हणजे चावी बंद की स्क्रीन बंद. बॅटरीजवळ दोन-तीन अँपियरचा फ्यूज टाक. हेडलाईट, फ्युएल पंप आणि एबीएसच्या वायरला हात लावायचा नाही. आणि जोडावर नुसती काळी टेप गुंडाळू नको, सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) घाल, कारण टेप पहिल्या पावसात चिकट होऊन सुटते. वायर कनेक्टरच्या खाली जरा लोंबती ठेवायची, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत कनेक्टरमध्ये न शिरता खालीच टपकतं.

स्क्रीन पटकन निघणारा असेल असं बघा. अंबाबाईच्या दर्शनाला महाद्वारच्या गर्दीत गाडी लावून तासभर आत गेलात की हँडलवर पंचवीस हजाराची वस्तू उघडी सोडायची का, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा विषय, मी तरी काढून खिशात घालतो.

पहिल्यांदा लांब निघायच्या आधी ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा. दाजीपूरच्या जंगलात आणि घाटात नेटवर्क जातं आणि नेट गेलं की नवीन रस्ता शोधायचं बंद होतं. पावसाळ्यात तर नकाशावर अजिबातच विसंबायचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या जवळ आलं की खालचे रस्ते एकेक करून बंद व्हायला लागतात, २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ अख्खा हायवेच पाण्याखाली होता. स्क्रीन तुम्हाला तिकडून निळी रेघ दाखवत असेल, पण पुढं कुठलं पाणी आलंय हे नाक्यावरच्या चहावाल्याला विचारायचं.

पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे सगळे नट परत आवळा, फ्यूज आणि जोड हात लावून गरम होतायत का बघा, आणि पायरी चारमधलं मल्टिमीटरचं मोजमाप परत एकदा करा. काढलेले कपलर, मूळ बोल्ट, जुनी क्लॅम्प पिशवीत घालून घरी ठेवा, गाडी विकताना स्क्रीन काढून घ्यायचा असेल तर लागतील.